दुसरा ब्रेक

नवऱ्याला जाऊन आठवडाही झाला नव्हता, आणि माझा दीर गाडीची किल्ली मागायला आला. मागायला म्हणजे हात पुढे करून नव्हे. किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर टांगलेली असायची. त्यानं ती काढली, खिशात टाकली आणि मग म्हणाला, "वहिनी, ही आता माझ्याकडे असू दे. तुम्हाला कशाला उगाच त्रास?"

मी कप विसळत होते. हातातला कप मी असा आपटला की त्याचा कान तुटला. तो कप मी टाकला नाही. रोज सकाळी त्यातच चहा घेत होते, राग थंड होऊ नये म्हणून.

ती गाडी काही सोन्याची नव्हती. ड्रायव्हिंग स्कूलची जुनी, चेपलेली गाडी. अशा गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो, शिकणारा गडबडला तर शेजारच्याला सावरता यावं म्हणून. माझा नवरा त्या शेजारच्या सीटवर बसून लोकांना गाडी शिकवायचा. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. पुढं त्याच सीटवर बसून तो लोकांना जगायला शिकवू लागला, पण ते मागाहून.

सुरुवात एका बँकेतल्या बाईपासून झाली. ती स्टिअरिंगला हात लावला की रडायची. मास्तरांनी सगळे उपाय केले आणि शेवटी वैतागून तिच्या डोळ्यांवर तिचाच रुमाल बांधला. "काही बघू नका," ते म्हणाले, "मी सांगतो तसं करा. ब्रेक माझ्याकडे आहे." ती बाई उतरली तेव्हा तिचं तोंडच बदललं होतं. तिनं नवऱ्याला सांगितलं, बहिणीला सांगितलं, अख्ख्या बँकेला सांगितलं. आमच्याकडे माणसं येऊ लागली. आधी गाडी न येणारी, मग गाडी येणारी, मग ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी गाडी घेतली नव्हती अशीही. लायसन्स कुणालाच नको होतं. सगळ्यांना डोळे बांधून हवे होते.

त्याला 'फेरी' म्हणू लागले. फेरी झालेल्या माणसाला 'सोबती' म्हणू लागले. फेरी संपली की सोबत्यानं पट्टी सोडून शेजारच्याच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, "माझा ब्रेक तुमच्याकडे." एकदा म्हटलं की जन्मभरासाठी. मुलीचं लग्न असो की घर विकणं असो, आधी मास्तरांना विचारायचं. दहा-बारा वर्षांत दुसऱ्या गावांतही सोबती झाले, बैठका भरू लागल्या. ड्रायव्हिंग स्कूलची पाटी उतरली ती पुन्हा लागली नाही.

मला विचाराल तर मी त्या सगळ्याकडे शटर ओढणारी बाई म्हणून पाहिलं. फेरी व्हायची घराखालच्या पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये, एका वेळी एकाच माणसाची. शेडचं शटर जड, आतून कधी लागलंच नाही. त्याची साखळी बाहेर होती. गाडी आत गेली की मी बाहेरून साखळी ओढायची आणि आतून हॉर्न वाजला की उघडायचं. प्रत्येक फेरीला मीच. ताप असला तरी मीच.

आणि पत्र्याला एक भोक होतं. मी बायको आहे, देवमाणूस नव्हे. मी बघायची.

तर आत काय व्हायचं ते मला ठाऊक होतं आणि मास्तरांना. गाडी एक चक्कर मारायची, अगदी सावकाश. मग मास्तर स्वतःकडचा क्लच दाबून धरायचे. गाडी जागच्या जागी उभी. चालवणाऱ्यानं ॲक्सिलरेटर दाबला की नुसतं इंजिन बोंबलायचं. पत्र्याची शेड, खिडक्या बंद, डोळ्यांवर पट्टी. त्या आवाजात माणसाला वाटायचं आपण सुसाट सुटलोय. मास्तर शांतपणे म्हणायचे, "समोर भिंत आहे. सोडू नका. चालू द्या." माणूस थरथरायचा, आईच्या नावानं ओरडायचा, पोटातलं सगळं बोलून टाकायचा आणि शेवटी पट्टी ओरबाडून काढायचा. बघतो तर गाडी शेडच्या मधोमध उभी. भिंत पार तिकडं. मग तो हसायचा, रडायचा. मास्तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "पळत होतं ते काय होतं, ओळखलंत?"

आणि मग शेवटची अट: फेरीत काय झालं ते कुणाला सांगायचं नाही. का, तर पुढच्याची फेरी नासते.

या अटीनं एक गंमत केली होती. प्रत्येकाला वाटायचं, उभी गाडी आपल्या एकट्याच्याच वाट्याला आली. दातांची डॉक्टर होती एक, आडव्या बांध्याची, मोठ्या मनाची बाई, ती माझ्याकडे चहा घेताना हळूच म्हणाली होती, "काकू, माझी फेरी जरा कच्चीच झाली. मास्तरांनी सांभाळून घेतलं मला. बाकीच्यांना खरंच फिरवलं असणार." रिटायर झालेले एक न्यायाधीश होते, ज्यांच्यासमोर खुनी घाबरायचे, तेही माझ्याच ओट्यापाशी उभं राहून असंच काहीसं पुटपुटले. सगळे एका माळेचे मणी, पण प्रत्येक मण्याला वाटत होतं की बाकीची माळ मोत्यांची आहे.

आता धाकट्याकडे येते. दिराला मी मनात धाकटाच म्हणते, तोंडावर भाऊजी. हा आमच्या ऑफिसात टेबलामागं बसायचा, बैठकांच्या तारखा ठरवायचा, पाहुण्यांची सोय बघायचा. गाडी चालवता यायची, पण कशी? कडेकडेनं. मास्तर त्याला कितीदा म्हणाले, "ये, तुझी फेरी करून टाकू." कधी पाठ धरलेली, कधी कुणी भेटायला यायचं, कधी डोळे आलेले. त्यानं फेरी कधीच घेतली नाही. मी शटर ओढणारी. मला नाही कळणार तर कुणाला?

आणि आता हा आयत्या बिळावरचा नागोबा सगळ्यांना सांगत सुटला की आपली फेरी झालीय. एका सकाळी. दोघा भावांतच. "दादानं शटर आतून लावून घेतलं," म्हणाला, "आणि अशी गाडी सोडली, अशी सोडली, की भिंत बोटभर राहिली. मी हूं नाही की चूं नाही." माणसं तोंडात बोटं घालून ऐकत होती; न सांगण्याची अट मोडली, हेही कुणाला सुचलं नाही. ऐकणारच. प्रत्येकाला आपली उभी गाडी आठवत होती आणि मान खाली जात होती.

दातांच्या डॉक्टरला दुसऱ्या गावचे सोबती मास्तरांच्या जागी, शेजारच्या सीटवर बसवू बघत होते. तिनं स्वतःच माघार घेतली. म्हणाली, "मी बोटभर भिंतीपर्यंत गेलेली नाही बाई. ते गेलेत." मला तिच्या कानाखाली ओढावीशी वाटली.

मी एकदा बोलून पाहिलं. न्यायाधीशांना म्हटलं, "त्यांची फेरी झालेली नाही. शटर आतून लागत नाही." धाकटा तिथंच होता. त्यानं इतक्या मायेनं माझ्याकडे पाहिलं की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "वहिनी अजून दुःखात आहेत," तो म्हणाला. "त्यांचं आपण मनावर घ्यायचं नाही." पुढच्याच आठवड्यात वरच्या खोल्या 'भेटीसाठी' लागतात म्हणून माझी पेटी, माझी गादी, माझी भांडी खाली टायरांच्या खोलीत आली. मास्तर ज्या पलंगावर गेले, त्याच्या जागी त्यानं स्वतःचं टेबल मांडलं. आणि मला त्याला भेटायचं असलं तर जिन्यात रांगेत उभं राहावं लागे. माझ्याच जिन्यात. रांगेत माझ्यापुढं एक जोडपं होतं, ते मला म्हणालं, "मावशी, पहिल्यांदाच आलात का?"

त्या दिवशी मी ठरवलं. मला खोल्या नको होत्या. मला त्या सीटवरून तो उतरलेला बघायचा होता, आणि उतरताना सगळ्यांनी बघितलेला बघायचा होता.

माझी मुलगी नर्स आहे. बापाच्या या भानगडीत ती कधी पडली नाही. ती टायरांच्या खोलीत आली, नाकाला ओढणी लावून बसली आणि म्हणाली, "आई, माझ्याकडे चल राहायला. इथं रबराच्या वासानं मरशील."

"मरत नाही मी. मला त्याला आडवा करू दे, मग येते."

"तुला बाबांची जागा वाचवायचीय की काकाचं नाक कापायचंय?"

"दोन्ही."

"दोन्ही एकदम होत नाही गं," ती म्हणाली. मी तिला म्हटलं, तू इंजेक्शन दे, शहाणपण देऊ नकोस.

धाकटा रीतसर सीटवर बसणार तो दिवस ठरला. शेडमागं सरावाचं मोकळं मैदान होतं, टायर रचून वळणं केलेली आणि पलीकडच्या टोकाला विटांची भिंत. गावोगावचे सोबती येणार होते. आदल्या दिवशी शेडमध्ये बैठक होती. मी गेले, मागं उभी राहिले आणि माझी पाळी आल्यावर इतक्या गोड आवाजात बोलले की मलाच माझी ओळख पटेना.

"मी भाऊजींना चुकीचं समजले," म्हटलं. "दुःखात माणूस काहीही बोलतो. पण माझी एक इच्छा आहे. बोटभर भिंतीपर्यंत न डगमगता जाणारा माणूस या सगळ्यांनी ऐकलाय, कुणी पाहिलेला नाही. उद्या सगळ्यांसमोर, उघड्या मैदानात, भाऊजींनी एक फेरी घ्यावी. डोळे बांधून. म्हणजे आमच्यासारख्या भित्र्यांना कळेल तरी हिंमत कशी असते."

टाळ्या पडल्या. त्याचा चेहरा उतरला आणि लगेच वर चढला. टाळ्या भल्याभल्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवतात. तो म्हणाला, "घेऊ की. शेजारी आमचा ऑफिसातला माणूस बसेल."

"कुणीही बसेना का," मी म्हटलं. "पण मास्तर म्हणायचे, फेरी झालेला माणूस कुणाच्याही शब्दावर चालवतो. मग मीच बसते. मास्तरांच्या सीटवर एकदा बसायची तेवढीच हौस. नंतर आहेच तुमची."

न्यायाधीश म्हणाले, "यात हरकत घेण्यासारखं काही दिसत नाही." कोर्टात शोभतं तसं म्हणाले.

त्याचा बेत मला माहीत होता. पट्टी जरा सैल बांधली की नाकाशेजारून खालचं दिसतं. म्हणून मी पट्टी रात्री नवी शिवली, दुहेरी, आत काळं अस्तर लावून, आणि सकाळी ती बांधायला दातांच्या डॉक्टरच्या हातात दिली. ती बाई रोज मोठमोठ्या गड्यांचे जबडे एका हातानं दाबून धरते. तिनं भक्तिभावानं अशी गच्च गाठ मारली की त्याचे कान पुढं आले.

मी मास्तरांच्या सीटवर बसले. ती सीट एका बाजूला दबलेली आहे, मास्तर नेहमी डाव्या कुशीवर भार टाकून बसायचे. पायाशी दोन पेडल. मला गाडी येत होती. मास्तरांनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकवली होती, तेव्हा हे सोबती-बिबती कुणी नव्हतं. मी माझ्याकडची काच बोटभर खाली ठेवली. बाहेरच्यांना ऐकू जायला हवं होतं.

"भाऊजी, लावा पहिला गिअर."

त्यानं गाडी काढली. मी त्याला टायरांमधून फिरवलं, खरंच फिरवलं. उजवीकडे, आता सरळ, आता डावीकडे. त्याच्या घामाचा वास मला येत होता. मैदानाला एक पूर्ण वळसा घालून आम्ही पुन्हा गर्दीसमोर आलो आणि तिथं मी माझा क्लच हळूच दाबला, ब्रेकला नुसता पाय लावला. गाडी थांबली, हलक्या पावलानं, जशी मास्तर थांबवायचे. त्याला पत्ता नाही.

"आता सरळच आहे," मी म्हटलं. "दाबा."

त्यानं दाबलं. इंजिन ओरडलं. सगळे सोबती आमच्यापासून चार पावलांवर उभे, गाडी उभी, आणि हा स्टिअरिंगला असा चिकटलेला जणू वादळात सापडलाय.

"अजून दाबा भाऊजी. छान चाललीय."

"वहिनी, समोर काय आहे?"

"भिंत."

"मग वळवू कुठं?"

"वळवायचं नाही. सोडायचं नाही. तुम्हाला सवय आहे की. बोटभर आली की मी सांगते."

तो कापू लागला. दातांवर दात आपटल्याचा आवाज मला इंजिनातूनही ऐकू येत होता. त्याचा डावा पाय आपला क्लच शोधत होता, पण बूट पेडलऐवजी खालच्या पत्र्यावर घसरत होता. मी बाजूला वाकून त्याच्या कानाशी म्हटलं, "आली हं. आली जवळ. रांगेत किती माणसं आहेत भाऊजी? माझा नंबर कधी?"

खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात आलं की क्लच सोडावा. गाडीचं तोंड भिंतीकडेच होतं. नुसता पाय उचलायचा होता. पाय थोडा हललाही, गाडीला हिसका बसला आणि तो गुरासारखा ओरडला. पण मेलेल्या माणसाला लाज वाटत नाही. मला तो जिवंत हवा होता. मी पाय पुन्हा गच्च दाबला.

"थांबवा!" तो किंचाळला. "वहिनी, थांबवा! मी खोटं बोललो! माझी फेरी झालीच नाही कधी! दादाला मी चुकवत राहिलो, मला भीती वाटते, मला पहिल्यापासून भीती वाटते! आई गं, थांबवा!"

त्यानं पट्टी ओरबाडली. गाठ सुटेना, म्हणून ती कपाळावर सरकवली. आणि समोर बघितलं.

भिंत मैदानाच्या पार त्या टोकाला. काचेबाहेर सगळी माणसं. कुणाचा तरी मुलगा खांद्यावर बसून बघतोय. मी इंजिन बंद केलं. मला वाटलं, आता हसतील. आता दगड उचलतील. मी हात मांडीवर ठेवून नीट बसले, चांगली जागा मिळालेल्या प्रेक्षकासारखी.

कुणी हसलं नाही. सगळे गाडीकडे बघत होते, त्याच्याकडे नाही. मग न्यायाधीश, एवढे वयस्कर, मैदानातल्या धुळीत खाली बसले आणि म्हणाले, "माझीही उभीच होती."

दातांची डॉक्टर त्यांच्याकडे वळली. "तुमचीही?"

"अहो, माझीपण," मागून कुणीतरी म्हणालं. "मला वाटलं मी एकटाच." मग काही ऐकूच येईना. सगळेच बोलत होते, एकमेकांचे खांदे धरत होते, हसत होते, रडत होते. नवरा-बायको, एका घरात राहून इतकी वर्षं एकमेकांपासून लपवलेलं, एकमेकांना सांगत होते. मास्तरांचं गुपित मी भर मैदानात फोडलं होतं, हे मला तेव्हा कुठं कळलं. धाकट्याचं नाक कापायच्या नादात मास्तरांचंही कापून बसले, असं वाटलं. पण लोकांना मास्तरांचा राग आला नव्हता. उलट ते एकमेकांवर जीव टाकत होते.

आणि मग त्यांनी धाकट्याला बाहेर ओढलं. मी म्हटलं, आता. त्यांनी त्याला मिठ्या मारल्या. तो किंचाळला होता ना! त्यांच्यासारखाच किंचाळला होता, त्याच शब्दांत. डॉक्टर त्याचे गाल पुसत होती. तो लहान मुलासारखा हुंदके देत गाडीला वळसा घालून माझ्या दाराशी आला, कपाळावरची पट्टी सोडून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "वहिनी, माझा ब्रेक तुमच्याकडे."

सूड घ्यायला गेले आणि दीक्षा देऊन आले.

त्यानंतर वाद उरलाच नाही. जो फेरी देतो, तोच त्या सीटवर. न्यायाधीशांनी तसं तिथंच जाहीर केलं. किल्ली परत खिळ्यावर आली, माझी गादी वर गेली, त्याचं टेबल खाली टायरांच्या खोलीत. आता फेरीचं गुपित राहिलं नव्हतं, तरी लोक येतच राहिले. गाडी उभीच असणार हे माहीत असूनही येतात आणि तरीही किंचाळतात. यातलं मला काही कळत नाही. मी शटर ओढणारी बाई.

पण धाकटा माझ्या हातात होता, आणि मी हात आखडता घेतला नाही. त्याला रोज गाडी धुवायला लावली. येणाऱ्यांच्या चपला मांडायला लावल्या. मला काही विचारायचं असेल तर जिन्यात रांगेत उभं राहायचं, सगळ्यांच्या शेवटी, असा नियमच केला. एकदा तर तासन्‌तास ताटकळत ठेवून दार उघडलं आणि म्हटलं, "आज नाही, उद्या या."

आणि तो म्हणाला, "बरं वहिनी."

त्याला कुठं टोचलेलं दिसत नव्हतं. मी त्याचा चेहरा निरखून बघायची, कुठं तरी पीळ दिसावा म्हणून. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. याचा गेला होता. गाडी धुताना गुणगुणायचा. माझी मुलगी म्हणाली, "काकाचं ब्लडप्रेशर नॉर्मलवर आलंय. झोपही लागते म्हणे." मला लागत नव्हती. ज्याला फटका लागत नाही त्याला मारायचं कसं? कान तुटलेल्या कपात मी अजून चहा पीत होते, आणि तोंड पोळत होतं ते माझंच.

मग वर्षाची मोठी बैठक आली. शेड भरलेली, मी शेजारच्या सीटवर, गाडी मधोमध. त्या दिवशी एक रीत असते: ज्याला वाटेल त्यानं आता आपल्या फेरीची गोष्ट सगळ्यांना सांगायची; गुपित फुटल्यापासूनची नवी रीत. बऱ्याच जणांनी सांगितलं. मग चपलांच्या ढिगाजवळून धाकटा उठला. काही कपट नव्हतं त्याच्या तोंडावर. शप्पथ सांगते, मी शोधलं.

"वहिनी," तो म्हणाला, "सगळ्यांची ऐकली. तुमची कधी ऐकली नाही. तुम्हाला फेरी दादानं कधी दिली?"

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. प्रेमानं वळली.

माझी फेरी झाली नव्हती. मी एकदा विचारलं होतं मास्तरांना. ते हसून म्हणाले होते, "तुला काय गरज? आणि शटर कोण ओढणार?" भोकातून सगळं बघून ठेवलेल्या बाईला कुणी फेरी देऊही शकत नाही. मला माहीत असतं गाडी उभी आहे. मी किंचाळणार कशाला? इतकी माणसं त्या गाडीतून हलकी होऊन उतरली, धाकटासुद्धा उतरला, आणि मी एकटी साखळी धरून बाहेर. हे मला त्या क्षणापर्यंत इतकं लागलं नव्हतं. आणि फेरी न झालेला माणूस या सीटवर बसू शकत नाही, हे मीच तर सगळ्या गावाला शिकवलं होतं.

"झाली," मी म्हटलं. माझा आवाज गोड होता, मागच्या वेळेसारखा. "एका सकाळी. दोघांतच."

न्यायाधीशांनी चष्मा वर केला. ते वाईट मनाचे नाहीत, जन्माची सवय आहे. "काकू," त्यांनी विचारलं, "मग शटर कोणी ओढलं? ते आतून लागत नाही असं तुम्हीच म्हणाला होता."

दुसऱ्या पेडलवर, ब्रेकवर माझा पाय होता, उगाचच, गच्च दाबलेला. धाकटा माझ्याकडे बघत होता. त्याला कळलं. खोटं बोलणाऱ्याला खोटं ओळखायला वेळ लागत नाही. मी वाट बघत राहिले. त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे मला पक्कं माहीत होतं.

"मी ओढलं होतं," तो म्हणाला. "मला आठवतंय. थंडी होती. साखळी गार लागत होती हाताला."

न्यायाधीशांनी मान डोलावली. डॉक्टरनं डोळे पुसले. धाकटा खाली बसला आणि चपलांच्या जोड्या पुन्हा नीट लावू लागला.

आता तो रांगेत उभा राहत नाही. मीच सांगितलं, उभं राहायचं नाही म्हणून. तो सकाळी वर येतो, माझ्यासमोर बसतो, मी त्याला चांगल्या कपातून चहा देते आणि तो पिऊन होईपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहते.